भूल लागेपर्यंत

“डॉक्टर, आम्ही आत थांबायचं की बाहेर?” या प्रश्नाचं उत्तर मी ज्या पुस्तकांवर शिकलो त्यांत नव्हतं. औषधाचं प्रमाण होतं, शीर कुठे सापडते ते होतं, प्राण गेल्याची खात्री कशी करायची तेही होतं. जनावराभोवती उभ्या असलेल्या माणसांचं काय करायचं, ते कान्ह्यात दवाखाना टाकल्यावर त्या माणसांकडूनच शिकावं लागलं.

कान्हे हे जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर वडगाव आणि कामशेत यांच्या मधलं गाव. लोणावळा लोकल इथे थांबते. फाट्यावरून रेल्वे ओलांडली की रस्ता टाकव्याकडे, आंदर मावळात जातो. माझ्याकडची गिऱ्हाइकं तीन तऱ्हेची. आंदर आणि नाणे मावळातल्या गाई, म्हशी, बैल. त्यांच्याकडे मीच मोटारसायकलवरून जातो. दुसरी, टाकव्याच्या कारखान्यांत नोकरी करणाऱ्यांची आणि नव्या सोसायट्यांमधल्या बिऱ्हाडांची कुत्री-मांजरं, स्कूटरच्या पायाशी बसून येणारी. तिसरी, कामशेत-लोणावळ्याकडच्या बंगल्यांवरची मोठाली कुत्री. त्यांचे मालक मुंबई-पुण्याला आणि कुत्री इथे. या तिसऱ्या तऱ्हेनं मला सगळ्यांत जास्त शिकवलं, त्याबद्दल पुढे सांगतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना वाद घालायचाय त्यांची सोय होईल. जनावराला इंजेक्शन देऊन कायमचं सोडवताना, भूल लागेपर्यंत त्याच्या ओळखीचं माणूस त्याच्याजवळ पाहिजेच. त्यानंतर थांबायचं की उठून जायचं, हे ज्याचं त्यानं ठरवावं. त्यावरून कुणी कुणाचं प्रेम मोजू नये.

हे मत समजायला प्रत्यक्षात काय होतं ते माहीत हवं. आधी मांडीच्या नाहीतर मानेच्या स्नायूत भुलीचं इंजेक्शन. ते चढायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. कुत्रं आधी ओठांवरून जीभ फिरवतं. काहींना ओकारी होते. नेहमी वापरतात त्या औषधाचा तो गुणच आहे, पण घरच्यांना आधी सांगितलं नसेल तर ते हबकतात. मग मान जड होते, हनुवटी पुढच्या पायांवर टेकते. नाव घेतलं तर कान हलतो, पण नजर वळत नाही. आणखी थोड्या वेळानं कानही हलत नाही. इथवर आलं की पुढच्या पायावरचे केस मशीननं काढायचे, वर रबरी पट्टा आवळायचा, शीर वर आली की सुई बसवून चिकटपट्टीनं पक्की करायची. थायोपेंटोनची बाटली असते, आत फिकट पिवळी पूड. पाणी घालून हलवली की लसणाच्या जवळ जाणारा एक वास येतो. एरवी शस्त्रक्रियेआधी झोपवायला हेच औषध वापरतात; इथे मात्रा मोठी. दट्ट्या दाबायला घेतल्यापासून श्वास थांबेपर्यंत मिनिटभर जातं, कधी तेवढंही नाही.

पाहणाऱ्याला अवघड जातं ते त्याच्यानंतरचं. डोळे मिटत नाहीत. सिनेमात हात फिरवला की पापण्या मिटतात. कुत्र्याच्या मिटून राहत नाहीत. श्वास थांबल्यावर एखाद-दुसरा मोठा आचका येतो, जबडा उघडतो. खांद्याची, बरगड्यांवरची कातडी थरथरते. लघवी सुटते. यातलं काहीही त्या जनावराला जाणवत नाही, हे शास्त्र म्हणून मला ठाऊक आहे, पण शेजारी बसलेल्या माणसाला “अजून जिवंत आहे!” असंच वाटतं. म्हणून हे सगळं मी आधी सांगतो, बाहेरच्या बाकावर बसवून, आचक्यासकट. ऐकून काही जण तिथेच ठरवतात की शेवटचं आपल्याला बघायचं नाही, आणि ते ठरवता यावं म्हणूनच सांगायचं. छातीवर नळी मी गरजेपेक्षा जास्त वेळ ठेवतो. हृदय थांबल्याचं मला कळलेलं असतं, पण डॉक्टरनं घाई केली असं नंतर रात्री कुणाच्या मनात यायला नको.

दर चार-सहा महिन्यांनी व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतो. कुठल्याशा डॉक्टरच्या तोंडी घातलेला असतो. तुम्ही खोलीबाहेर गेलात की तुमचा लाडका शेवटच्या श्वासापर्यंत तुम्हालाच शोधत असतो, असं काहीतरी. लोक वाचतात, रडतात आणि पुढे पाठवतात. मला तो मजकूर अर्धा खरा वाटतो, आणि उरलेल्या अर्ध्यानं कितीतरी भल्या माणसांना उगाच टोचणी लावली आहे. कुत्रं शोधतं हे खरं. पण शोधतं ते भुलीच्या आधी. टेबलावर ठेवलं आणि मालक दाराबाहेर गेला की त्याची मान दाराकडे वळते. बाहेर स्कूटर सुरू झाली की कान उभे राहतात. मी पाठीवरून हात फिरवला तर तो हात त्याच्या हिशेबी लसवाल्याचा असतो, त्याची भीती वाढते. भूल चढल्यावर मात्र शोधणारं कुणी उरत नाही. तेव्हा ती पहिली पंधरा मिनिटं कुत्र्यासाठी थांबायचं असतं. पुढे जो थांबतो तो स्वतःसाठी थांबतो, आणि त्यातही वावगं काही नाही.

अमेरिकेत अटलांटाच्या एमोरी विद्यापीठात ग्रेगरी बर्न्स यांनी कुत्र्यांना एमआरआयच्या यंत्रात भुलीशिवाय निश्चल पडून राहायला शिकवलं. ज्यांनी कुत्र्याला साध्या एक्स-रेसाठी धरलंय त्यांना ही काय तपश्चर्या आहे ते कळेल. मग त्यांनी 12 कुत्र्यांना वेगवेगळे वास दिले: स्वतःचा, ओळखीच्या आणि अनोळखी कुत्र्याचा, ओळखीच्या आणि अनोळखी माणसाचा. काहीतरी चांगलं मिळणार अशी चाहूल लागली की मेंदूचा जो भाग जागा होतो, तो सगळ्यांत जास्त जागा झाला ओळखीच्या माणसाच्या वासानं. तो माणूस तिथे नव्हता, नुसता वास होता. 2015 मध्ये हे छापून आलं. ते वाचल्यापासून, ज्यांना आत थांबणं जमतच नाही त्यांना मी अंगावरची ओढणी, टॉवेल, कामावरचा शर्ट मागून घेतो आणि कुत्र्याच्या नाकाशी ठेवतो. माणसाची बरोबरी होत नाही, पण मान दाराकडे वळते ती थोडी कमी वेळा.

निम्मी भीती तर दवाखान्याचीच असते. स्पिरिटचा वास, आधीच्या पेशंटचा वास, पायाखाली घसरणारा स्टीलचा पत्रा. म्हणून शक्य असेल तिथे मी घरी जातो. जागा ओळखीची, फरशी ओळखीची, गोधडी त्याचीच. वाटेत लोकलसाठी रेल्वेचं फाटक पडलेलं असलं तर बॅग मांडीवर घेऊन उभा राहतो आणि घरून फोन येत राहतात, “निघालात ना?” या कामाला उशीर झालेला लोकांना चालत नाही, आणि वेळेच्या आधी पोचलो तर दार उघडणारा माणूस असा बघतो की मी परत जावं.

बंगल्याची गोष्ट कामशेतच्या पुढे डोंगराच्या पायथ्याची. कुत्रा जर्मन शेफर्ड, म्हातारा, मागचे दोन्ही पाय गेलेले. पडून पडून कमरेला जखमा, आणि मावळातल्या पावसाळ्यात अशा जखमांत अळ्या पडायला दोन दिवस पुरतात. मुंबईहून मालक आले होते, बरोबर पत्नी आणि कॉलेजातला मुलगा. माणसं मनापासून आली होती, हे आधी सांगतो. साहेब फरशीवर मांडी घालून बसले, कुत्र्याचं डोकं मांडीवर घेतलं. पँटला जखमेचं पाणी लागत होतं, त्याची त्यांना पर्वा नव्हती. पण कुत्रा काही स्वस्थ होईना. मान उचलायचा, मागच्या पडवीकडे बघायचा, पुढच्या पायांवर तिकडे सरकायला बघायचा.

“खूप दुखतंय का हो त्याला?” मालकीणबाईंनी विचारलं. दुखत होतंच. पण दुखणारं कुत्रं दुखऱ्या जागेकडे बघतं, हा पडवीकडे बघत होता.

पडवीत राखणदाराची बायको उभी होती, चौकटीच्या बाहेर, तोंडाला पदर लावून. कुणी तिला मज्जाव केला नव्हता. तसं कुणी बोलावलंही नव्हतं. साहेब मंडळी आल्यावर घरात यायचं नाही, हे तिला सांगावं लागत नसे.

“मावशी, ह्याला रोज खायला कोण घालतं?”

“मीच की. पिल्लू आणलं तवापासनं.”

“मग इकडं या.”

ती साहेबांकडे बघायला लागली. साहेबांना उमगायला थोडा वेळ लागला. मग ते म्हणाले, “या ना मावशी, बसा,” आणि डोकं हलकेच खाली ठेवून कुत्र्याच्या पाठीशी सरकले. ती बसली नाही. आत गेली आणि जर्मलच्या वाडग्यात दुधात कुस्करलेली तांदळाची भाकरी घेऊन आली.

“सकाळधरनं पोटात काय न्हाय त्याच्या. डॉक्टर येणार म्हणून घातलंच न्हाय. चालंल का?”

शस्त्रक्रिया असती तर मी नको म्हटलं असतं. इथे नको म्हणायला कारण काय? फार तर ओकला असता. “चालंल,” म्हटलं.

त्यानं पडल्या पडल्या तिच्या हातून चार घास घेतले. ती त्याच्यावर डाफरत होती. “नीट खा. सांडू नगं. कोण पुसणार हाय?” त्या रोजच्या आवाजाच्या आड मी मांडीत भुलीची सुई दिली, त्याचं लक्षही गेलं नाही. मग ती तशीच बोलत राहिली, कोंबड्यांबद्दल, कोपऱ्यातल्या गळक्या कौलाबद्दल. मान तिच्या पायांवर आली. कान हलायचा थांबला. मी म्हटलं, “मावशी, आता त्याला काही कळत नाही.” तशी ती उठली, वाडगा उचलला. “पुढचं मला नगं दावू,” म्हणाली आणि गेली. पुढचं साहेबांनी पाहिलं, शेवटपर्यंत, कुत्र्याच्या कानावर हात ठेवून.

मला गेटपर्यंत सोडायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, “डॉक्टर, मला तो ओळखत होता ना?” ओळखत होता. गाडी आत आली तेव्हा शेपटीचा शेंडा हलला होता, मी स्वतः पाहिला होता. तसं सांगितलं.

तेव्हापासून मालक कोण हे मी लायसन्सवर बघत नाही. पोलिसांकडच्या कुत्र्यांचंही असंच असतं. 1993 च्या मुंबई स्फोटांनंतर नाव झालेला झंजीर पुण्यातच तयार झाला. 2000 मध्ये हाडाच्या कर्करोगानं परळच्या जनावरांच्या इस्पितळात गेला आणि त्याला मानवंदना मिळाली. असल्या कुत्र्याचा कागदोपत्री मालक सरकार असतं. पण कुत्रं सरकारला ओळखत नाही, त्याच्या पट्ट्याचं दुसरं टोक धरणाऱ्या शिपायाला ओळखतं. भटक्यांना मालक नसतो असं आपण म्हणतो, तेही सरसकट खरं नाही. फाट्यावर एका कुत्रीला ट्रकनं उडवलं, पाठीचा कणा गेला. ती रस्त्याकडेला माझ्या हाताला चावायला बघत होती. समोरच्या गाडीवरचा वडापाववाला कढई पोऱ्याच्या हवाली करून आला, बेसनानं माखलेला हात तिच्या नाकासमोर धरला आणि उकिडवा बसला. ती चावायची थांबली. त्या गाडीवर तिला कुणी पाळलं नव्हतं, रोज संध्याकाळी फक्त चुरा मिळायचा.

थांबू न शकणाऱ्यांपैकी एक बाई माझ्या चांगल्या लक्षात आहेत. पिंपरीकडच्या एका इस्पितळात आयसीयूत सिस्टर. त्यांच्या मांजराच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. त्या म्हणाल्या, “रोज हेच बघते. घरचं नाही बघवणार.” भाऊ आत थांबला; मांजर त्याच्याही अंगाखांद्यावर वाढलेलं. बाई चालत स्टेशनवर गेल्या आणि प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसल्या. भावानं फोन केल्यावर आल्या, एकच विचारलं, “उलटी झाली का?” नाही म्हटलं. “बरं.” मग पर्समधून धुतलेली चादर काढून त्यांनी ते मांजर असं सफाईनं गुंडाळलं की माझ्या माणसाला हात लावायचं काम पडलं नाही. बाहेर दुसरं पेशंट घेऊन बसलेले एक गृहस्थ पुटपुटले, “एवढा जीव होता तर थांबायचं होतं.” मी त्यांना त्यांचा नंबर येईपर्यंत जरा जास्तच वेळ बसवून ठेवलं.

उलट काहींनी थांबू नये असंही मला वाटतं, आणि मी तसं सांगतो. कुत्र्याला कवटाळून हंबरडा फोडणारं माणूस जवळ असलं की कुत्रं थरथरायला लागतं. आपल्या माणसाला काय झालं हे त्याला कळत नाही, एवढंच कळतं की काहीतरी भयंकर झालंय. अशा वेळी घरातलं दुसरं, शांत माणूस बोलवावं. पिऊन आलेल्याला मी बाहेर काढतो. रक्ताची सुई पाहून चक्कर येणाऱ्यांनी उभं राहू नये, भिंतीला टेकून बसावं. पडलेला नवरा सावरायचा की कुत्रा, अशी बायकोची ओढाताण मी पाहिली आहे. मुलांच्या बाबतीत माझा एकच आग्रह असतो, की “गावाला पाठवला” म्हणून सांगू नका. पुढच्या सुट्टीत मूल गावाचा पत्ता विचारतं.

घोडा, बैल, म्हैस असेल तर गोष्ट वेगळी. उभं जनावर कोसळतं ते कुठल्या बाजूला, ते सांगता येत नाही. मालकानं कासरा धरून बोलत राहायचं आणि मी सांगितलं की मागे व्हायचं. आणि पिसाळल्याचा संशय असेल तर कुणीही जवळ थांबायचं नाही, माया कितीही असो. लाळ हातावरच्या साध्या ओरखड्यातून आत गेली तरी पुरते. पिसाळलेल्या गाईच्या तोंडात हात घालून “काय अडकलंय” बघणारे लोक मावळात अजून आहेत. अशा वेळी मी गाईच्या आधी घरातली माणसं मोजतो आणि सगळ्यांना लस घ्यायला सरकारी दवाखान्यात धाडतो.

शेतकऱ्यांकडे प्रश्न बरोबर उलटा येतो. थांबायचं की नाही, हा त्यांचा प्रश्नच नसतो. ते थांबतातच. आंदर मावळात एका म्हातारबाबांचा बैल चिखलणी करताना घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. एवढ्या वजनाच्या जनावराचं ते हाड जुळून येत नाही, बैल उठत नाही. बाबा त्याच्याजवळच राहायला आले. वर ताडपत्री बांधली, अंगावर घोंगडी घातली, दोघं-तिघं जमवून रोज कूस बदलायची, पेज पाजायची. मी वेदना कमी करणारी औषधं देत होतो, ती पुरी पडत नव्हती. इंजेक्शनचं सुचवलं तर बाबांचा मुलगा दबक्या आवाजात म्हणाला, “कायद्यानं बंदी हाय ना?” महाराष्ट्रात 1976 चा पशुसंरक्षण कायदा आहे, 2015 पासून गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीलाही त्यानं बंदी आहे. तो कायदा कत्तलीचा. मरणासन्न जनावराच्या हालांचा विचार प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यात आहे. त्याचं 13 वं कलम सांगतं की जनावर जगवणंच क्रूरपणाचं ठरेल अशी त्याची स्थिती असेल, आणि मालक हजर नसेल किंवा तयार नसेल, तर पोलिसानं पशुवैद्याला बोलावून दाखला घ्यावा आणि दंडाधिकाऱ्याच्या हुकमानं त्याला सोडवावं. हे मी समजावून सांगितलं. बाबा ऐकत होते. मग म्हणाले, “आळ्याला रेड्याची समाधी हाय. माऊलींनी सुई टोचली व्हती का त्याला?”

यावर काय बोलणार? आळे जुन्नर तालुक्यात. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले त्या रेड्यानं तिथे देह ठेवला आणि माऊलींनी आपल्या हातानं त्याला समाधी दिली, अशी श्रद्धा आहे. इंद्रायणीकाठच्या माळकऱ्याशी त्यावर हुज्जत घालायची माझी छाती नाही.

मला मात्र साबरमतीचं वासरू आठवत होतं. 1928 साली आश्रमातलं एक वासरू असाध्य दुखण्यानं तळमळत होतं, त्याला कूसही बदलता येईना. गांधीजींनी डॉक्टर बोलावून त्याला विषाचं इंजेक्शन देववलं. त्यावर ‘नवजीवन’ आणि ‘यंग इंडिया’त लिहिलं, आणि ते आपल्यासमोर झालं, दोन मिनिटांच्या आत आटोपलं, हेही लिहिलं. देशभरातून संतापाची पत्रं आली. त्या हिंसा-अहिंसेच्या वादात मी पडत नाही. मी एवढंच बघतो की ते तिथे उभे होते. डॉक्टरला निरोप धाडून ते आपल्या कामाला बसले असते तरी आश्रमात त्यांना कोण विचारणार होतं?

बाबाही उभे होते, अनेक रात्री. मी त्यांचं थांबणं कमी लेखत नाही. बंगल्यावर फोन करून “तुम्ही करून घ्या, पैसे गुगल पे करतो” म्हणणारे ऐकले की मला बाबांचे पाय धरावेसे वाटतात. पण त्या रात्रींत बैलाला काय मिळालं, असा हिशेब केला तर मला कापरं भरतं. तो आपल्या वेळेनं गेला. बाबांना वाटतं आपण त्याची सेवा केली, आणि केलीच. मला वाटतं, आपण त्याला सोडवू शकलो नाही. गाठ पडली की आम्ही दोघं पावसापाण्याचं बोलतो.

कायद्याची गंमत सांगायची राहिली. केंद्रानं 2001 मध्ये कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाचे नियम केले, 2023 मध्ये त्यांच्या जागी नवे आले. त्या 2001 च्या नियमांत दुर्धर आजारी, जबर जखमी कुत्र्यांना कसं सोडवायचं ते होतं आणि एक छोटंसं वाक्य होतं: एका कुत्र्याच्या देखत दुसऱ्या कुत्र्याला मारू नये. नियम कोंडवाड्यांसाठी, आणि तिथे तो हवाच. पण माणसानं बघावं की नाही, यावर अवाक्षर नव्हतं. घरात दोन कुत्री असली तर मी दुसऱ्याला आधी बाहेर बांधायला सांगतो आणि सगळं झाल्यावर आत आणतो. ते हुंगतं, कधी लगेच निघून जातं, कधी शेजारी पसरतं. ज्या घरात असं हुंगू दिलं तिथे मागे राहिलेलं कुत्रं घरभर शोधत फिरल्याचं कमी ऐकायला येतं. हा माझा अनुभव, पुरावा नव्हे.

काही रुक्ष गोष्टी आहेत, त्या आधी उरकाव्या लागतात. संमतीची सही आधी. फी आधी, नंतर डोळे पुसणाऱ्या माणसापुढे पावती धरणं मला जमत नाही आणि तो पाकीट शोधत बसतो ते मला बघवत नाही. खड्डा आधी. आषाढात मावळात खणलेला खड्डा तासाभरात पाण्यानं भरतो, तेव्हा जागा उंचावरची, मुरमाची बघायची. खोल खणायचा, वर दगड रचायचे. लोक मीठ टाकतात, टाकू द्यावं. खोलीचा आग्रह मी धरतो तो वेगळ्याच कारणानं: औषध शवात राहतं, आणि ते उकरून खाणारं कुत्रं, कोल्हा, कावळाही त्यानं मरू शकतो. सोसायटीत राहणाऱ्यांना जमीन कुठली? ते पिंपरी-चिंचवडकडे दहनाला नेतात. हे सगळं आधी झालेलं असलं की ती पंधरा मिनिटं मोकळी मिळतात. नाहीतर कुत्र्याची मान मालकाकडे आणि मालक फोनवर जेसीबीवाल्याशी बोलतोय.

आता माझ्याबरोबर एक तरुण डॉक्टर काम करते. तिचं म्हणणं, भूल लागेपर्यंत थांबणं सक्तीचं करावं. थांबणार नसाल तर आम्ही करणार नाही, असा बोर्डच लावावा. मी म्हणतो, मग तो माणूस कुत्र्याला घेऊन परत जाणार, आणि हाल कोणाचे? ती म्हणते, तुम्ही लोकांना फार सांभाळून घेता. मी म्हणतो, तू अजून त्या सिस्टरना पाहिलेलं नाहीस. हा वाद महिन्यातून एकदा होतो, बहुतेक दुपारच्या जेवणाला, आणि डबा संपला की संपतो.

तिची एक सूचना मात्र मी तिथल्या तिथे मान्य केली. अशा कामासाठी फोन आला की आम्ही आता “मालक हजर असणार का?” असं विचारत नाही. “तो खातो कुणाच्या हातचं?” असं विचारतो. सोसायटीतून फोन असेल तर उत्तर लगेच येतं: आईच्या, आजीच्या, “माझ्याच, पण नाइट शिफ्ट असली की शेजारच्या काकू घालतात.” बंगल्यांवरचे फोन थोडे अडखळतात. मग पलीकडून आवाज येतो, “एक मिनिट हं डॉक्टर, वॉचमनला विचारून सांगतो.”